हरवलेला 'ॲपल कॉम्प्युटर ए' : एका तुटक्या बोर्डाची ओळख कशी पटली



या मालेत आपण बहुतेक वेळा कागद, नाणी, शिलालेख यांच्याबद्दल बोलतो. आजची वस्तू जरा वेगळी आहे. एक सर्किट बोर्ड आहे. जुन्या टीव्हीच्या किंवा रेडिओच्या पोटात असतो तसा, फक्त थोडा मोठा. त्याला तडा गेलाय, एक तुकडा तर नाहीच. चिप बसवायची कितीतरी सॉकेटं रिकामी आहेत. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणतो ती मुख्य चिप, मायक्रोप्रोसेसर, तोही जागेवर नाही. आपल्या घरी माळ्यावर असं काही सापडलं असतं तर दिवाळीच्या साफसफाईत आपण ते भंगारवाल्याला दिलं असतं, आणि त्यानंही वजनात धरलं असतं की नाही, शंकाच आहे.

हा बोर्ड ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या आरआर ऑक्शन या लिलावसंस्थेनं विकला. बोली गेली ६,७७,१९६ डॉलरपर्यंत. कारण सांगितलं गेलं ते असं: १९७६ साली स्टीव्ह जॉब्ज जो बोर्ड घेऊन एका दुकानदाराकडे गेला आणि ज्याच्या जोरावर ॲपल कंपनीला पहिली मोठी ऑर्डर मिळाली, तोच हा बोर्ड. ॲपल-१ या कॉम्प्युटरचा प्रोटोटाइप. तो कित्येक वर्षं हरवला असंच सगळे धरून चालले होते.

आता आपला प्रश्न लिलावाचा नाही. आपला प्रश्न साधा आहे: हे कशावरून? एक माणूस येतो, म्हणतो हा तोच. आपण म्हणायचं, बरं, पण कशावरून? इतिहासाच्या अभ्यासात हा प्रश्न रोजचाच. फक्त इथे कागदाऐवजी तांब्याच्या रेघा आणि सोल्डरचे थेंब आहेत. आम्ही या विषयात शिरलो ते याच कुतूहलानं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथे एका गॅरेजमध्ये हौशी लोकांची बैठक भरली. पुढे तिचं नाव होमब्रू कॉम्प्युटर क्लब झालं. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे कंपनीच्या नाहीतर विद्यापीठाच्या खोलीत बसणारं यंत्र. आपल्या घरी आपला स्वतःचा कॉम्प्युटर असावा, ही कल्पना या मंडळींच्या डोक्यात होती. त्यांच्यात स्टीव्ह वॉझ्निॲक नावाचा एक तरुण इंजिनिअर होता. नोकरी ह्युलेट-पॅकार्डमध्ये, कॅल्क्युलेटर बनवायच्या विभागात. त्याच वर्षी सप्टेंबरात एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीनं ६५०२ नावाची प्रोसेसर चिप पंचवीस डॉलरला विकायला काढली. इतर कंपन्यांच्या चिप तेव्हा कित्येक पटींनी महाग होत्या. वॉझ्निॲकनं या चिपभोवती स्वतःचा कॉम्प्युटर रचला आणि त्याचे नकाशे क्लबमध्ये फुकट वाटायला लागला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढे ती कामाला येणार आहे. सुरुवातीला कॉम्प्युटर विकायचा असा बेत नव्हताच. जॉब्जनं सुचवलं ते एवढंच की आपण कोरे बोर्ड छापून घेऊ. तांब्याच्या रेघा आणि भोकं असलेला नुसता बोर्ड. लोक आपापले सुटे भाग आणून त्यावर जोडतील. एका बोर्डाला वीस डॉलर खर्च येईल, चाळीसला विकू. बोर्डाच्या रेघांचा आराखडा करून घ्यायला पैसे लागणार होते. त्यासाठी जॉब्जनं आपली फोक्सवॅगन गाडी विकली आणि वॉझ्निॲकनं आपला एचपी-६५ कॅल्क्युलेटर. आराखडा अटारी कंपनीतल्या हॉवर्ड कँटिन यांनी करून दिला. १ एप्रिल १९७६ ला कंपनी स्थापन झाली.

या कोऱ्या बोर्डांच्या बेताच्या काळातलाच आपला आजचा बोर्ड. त्याच्यावर छापलेलं नाव बघा: 'ॲपल कॉम्प्युटर ए', आणि शेजारी कॉपीराइटची खूण आणि ७६. पुढे विक्रीला जे बोर्ड आले त्यांच्यावर छापलं आहे 'ॲपल कॉम्प्युटर १', आणि पालो अल्टो हे गावाचं नाव. म्हणजे एका अक्षराचा फरक. 'ए'च्या जागी 'एक'. छापील पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत आणि दुसऱ्या आवृत्तीत मुखपृष्ठावर एक शब्द बदललेला असावा, तसं.

मग काय झालं, तर पॉल टेरेल यांची एंट्री झाली. माउंटन व्ह्यू इथे त्यांचं बाइट शॉप नावाचं दुकान होतं, जगातल्या अगदी सुरुवातीच्या कॉम्प्युटर दुकानांपैकी एक. क्लबमध्ये त्यांनी वॉझ्निॲकचं यंत्र पाहिलं आणि जॉब्जला म्हणाले, संपर्कात राहा. दुसऱ्याच दिवशी जॉब्ज अनवाणी दुकानात हजर. म्हणाला, संपर्कात राहतोय. ही गोष्ट सगळ्या चरित्रांत असते, सांगायला फार छान आहे. पण आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं पुढचं वाक्य. टेरेल म्हणाले, मला कोरे बोर्ड नकोत. माझं गिऱ्हाईक रात्र-रात्र बसून सोल्डरिंग करणारं नाही. सगळे भाग जोडलेले, तयार बोर्ड द्या. पन्नास घेतो. एकेकाला पाचशे डॉलर देतो.

पाचशे गुणिले पन्नास म्हणजे पंचवीस हजार डॉलर. चाळीस डॉलरच्या बोर्डांचं स्वप्न पाहणाऱ्या पोरांना एकदम पंचवीस हजार! हातात भांडवल नाही. तेव्हा जॉब्जनं सुटे भाग तीस दिवसांच्या उधारीवर उचलले, आणि लॉस अल्टोसमधल्या त्याच्या आई-वडिलांच्या घरात जुळणी सुरू झाली. बहीण पॅटी, मित्र डॅन कॉटकी, जो सापडेल तो कामाला. महिन्याच्या आत बोर्ड पोचवायचे, पैसे घ्यायचे, उधारी फेडायची. हा तीस दिवसांचा हिशेब डोक्यात ठेवा. त्या रिकाम्या सॉकेटांकडे परत येऊ तेव्हा लागेल.

बोर्ड पोचले तेव्हा टेरेल यांना वाटलं होतं की कॉम्प्युटर येईल. म्हणजे खोकं, कीबोर्ड, पडदा. आलं ते नुसतं बोर्ड. तरी त्यांनी पैसे दिले. दुकानात या कॉम्प्युटरची किंमत ठेवली ६६६.६६ डॉलर. एकूण साधारण दोनशे बोर्ड तयार झाले.

आणि याच टेरेल यांनी एक काम करून ठेवलं, ज्याच्याशिवाय आजचं व्याख्यान झालंच नसतं. त्यांनी १९७६ मध्ये प्रोटोटाइप चालू असताना त्याचे पोलरॉइड फोटो काढून ठेवले. पोलरॉइड तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. बटण दाबलं की कॅमेऱ्यातून फोटो बाहेर येतो आणि हातातच हळूहळू उमटतो. त्याला निगेटिव्ह नसते. त्यामुळे हा फोटो म्हणजे एकच प्रत, अस्सल. ते फोटो टेरेल यांच्याकडे राहिले, आणि २०१२ मध्ये टाइम मासिकानं ते प्रसिद्ध केले. तेव्हा लोकांनी पाहिलं की अरे, पहिला बोर्ड असा दिसत होता. पण बोर्ड कुठेय, हे कोणालाच माहीत नव्हतं.

हरवला कसा, हा प्रश्न विचारायचंही कारण नव्हतं. ॲपल-१ ची विक्री दीड वर्षही टिकली नाही. एप्रिल १९७७ मध्ये ॲपल-२ लोकांसमोर आला, आणि तो इतका पुढचा होता की ॲपल-१ कडे कोणी बघेना. कंपनीनं तर जुने ॲपल-१ परत घेऊन त्या बदल्यात ॲपल-२ द्यायला सुरुवात केली. परत आलेले बोर्ड चक्क नष्ट केले. कारण व्यावहारिक होतं: ॲपल-१ बद्दल गिऱ्हाइकाला काही शंका आली तर उत्तर देऊ शकणारा माणूस एकच, वॉझ्निॲक. ज्यांनी तो घडवला त्यांनीच तो मोडीत काढला, तर प्रोटोटाइपचं काय कौतुक असणार?

आता येऊ ओळखीकडे. असा एखादा बोर्ड समोर आला तर काय काय बघायचं?

पहिली गोष्ट, छपाई. बोर्डावर काय छापलंय आणि काय नाही. विक्रीला आलेल्या ॲपल-१ च्या दोन खेपा निघाल्या. दुसऱ्या खेपेच्या बोर्डावर एनटीआय ही अक्षरं आहेत, पहिलीच्या बोर्डावर नाहीत. संग्राहक मंडळी बोर्ड हातात घेतल्या घेतल्या आधी ही तीन अक्षरं शोधतात. आपल्या बोर्डावर नाव 'ए' असल्यानं तो या दोन्ही खेपांच्या आधीचा, असा अंदाज बांधता येतो. पण अंदाजच. छपाई ही सहज नकलता येणारी गोष्ट आहे. ॲपल-१ चे नवे बोर्ड हौसेखातर बनवणारे लोक जगात आहेत, ते उघडपणे प्रतिकृती म्हणूनच विकतात, त्यात गैर काही नाही. पण एक अक्षर बदलून छापणं कुणालाही जमेल. त्यामुळे नुसत्या 'ए'वर विसंबता येत नाही.

दुसरी गोष्ट, सुट्या भागांवरच्या तारखा. चिपवर, काही कपॅसिटरवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन साल, पुढचे दोन आठवडा. ७६०३ म्हणजे १९७६ चा तिसरा आठवडा. नाण्यांचा ठेवा सापडला की आपण त्यातलं सर्वांत अलीकडचं नाणं शोधतो आणि म्हणतो, याच्या आधी हा ठेवा पुरलेला असणं शक्य नाही. इथेही तेच. बोर्डावरचा सर्वांत अलीकडचा भाग ज्या आठवड्यातला, त्याच्या आधी तो बोर्ड पुरा झालेला असूच शकत नाही.

इथे आमची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका विक्रेत्याकडून सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम घेतला. हा इंग्लंडचा घरगुती कॉम्प्युटर, एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आलेला. विक्रेता म्हणाला, साहेब, पहिल्या खेपेतला आहे, असा मिळायचा नाही. आम्ही खूश होऊन मागितले तेवढे पैसे दिले. घरी येऊन उघडला तर चिपवर ८३४१. म्हणजे १९८३ चा एक्केचाळिसावा आठवडा, दसरा-दिवाळीच्या सुमाराचा! त्याच्यावर कडी म्हणजे बोर्डावर तिसरी आवृत्ती असल्याचं इंग्रजीत स्वच्छ छापलेलं. झाकण उघडून बघायचे कष्ट दुकानात घेतले असते तर पैसे वाचले असते. तेव्हापासून आमचा नियम: गोष्ट नंतर ऐकायची, झाकण आधी उघडायचं.

पण तारखांच्या पुराव्यातही एक खोच आहे. सॉकेटात बसवलेली चिप दोन मिनिटांत काढता येते, दुसरी बसवता येते. १९७६ च्या बोर्डावर १९८० ची चिप असली म्हणून बोर्ड खोटा ठरत नाही. कोणीतरी बिघडलेली चिप बदलली असेल. उलट १९८५ मध्ये तयार केलेल्या बोर्डावर मुद्दाम १९७६ च्या चिपा बसवल्या तर? म्हणून सॉकेटातल्या भागांना कमी वजन द्यायचं आणि सोल्डर करून पक्के केलेल्या भागांना जास्त. वहीच्या मध्ये नंतर खोचलेला कागद आणि शिवणीतलं पान, यांत जो फरक आपण करतो तोच.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत रंजक, सोल्डरिंग. आपल्याकडे तांबट-सोनार ज्याला डाख लावणं म्हणतात त्याच जातीचं हे काम. विक्रीचे ॲपल-१ बोर्ड यंत्रानं सोल्डर केलेले आहेत. वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून अख्खा बोर्ड फिरवतात, सगळे जोड एकदम आणि एकसारखे होतात. प्रोटोटाइप मात्र वॉझ्निॲकनं स्वतः हातानं जोडला. आणि त्याची एक लकब होती. सोल्डरिंग करताना माणसाला तीन हात हवे असतात. एकात वायर, एकात तापलेली इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, आणि तिसऱ्यात सोल्डरची तार. हात तर दोनच. वॉझ्निॲक सोल्डरची तार तोंडात धरायचा. (सोल्डरमध्ये शिसं असतं, कृपया घरी करून पाहू नका.) अशा माणसाच्या जोडाला वळण येतं. थेंब किती मोठा, कुठे जास्त साठला, वायर कशी वाकवली. मोडी वाचणारे लोक चिटणिशीचं वळण ओळखतात, एका कारकुनाचा हात दुसऱ्यापासून वेगळा काढतात. इलेक्ट्रॉनिक्समध्येही 'हात' असतो, हे आम्हाला या बोर्डानं शिकवलं.

तरीही, वळण ओळखणं हे शेवटी जाणकाराचं मत झालं. दुसरा जाणकार म्हणू शकतो, मला नाही तसं वाटत. इथे टेरेल यांचे पोलरॉइड कामाला येतात.

ॲपल-१ चे नावाजलेले तज्ज्ञ कोरी कोहेन यांनी हा बोर्ड तपासला. त्यांनी बोर्ड आणि १९७६ चे फोटो शेजारी ठेवून ताडून पाहिलं. फोटो इतके स्पष्ट आहेत की हातानं केलेलं सोल्डरिंग आणि खुद्द बोर्डाच्या खास खुणा त्यांच्यात दिसतात, आणि त्या या बोर्डाशी जुळतात.

हे इतकं निर्णायक का, ते जरा थांबून समजून घेऊ. छापलेले बोर्ड एकमेकांसारखेच असतात, तो तर छपाईचा हेतूच असतो. पण त्यावर भाग माणसानं बसवले की प्रत्येक बोर्ड वेगळा होतो. एक कपॅसिटर किंचित डावीकडे कललेला. एका रेझिस्टरचे पट्टे उलट दिशेनं, कारण रेझिस्टर कसाही बसवला तरी चालतो. कपॅसिटरवरची अक्षरं एकाची वर, एकाची खाली. कुठे चूक निस्तरायला मारलेली एक वायर. यातलं काहीही कॉम्प्युटर चालण्यासाठी आवश्यक नाही, आणि म्हणूनच कोणी ते ठरवून करत नाही. जे ठरवून केलेलं नाही ते दोन बोर्डांवर एकसारखं यायची शक्यता प्रत्येक खुणेगणिक कमी होत जाते. एक खूण जुळली, योगायोग असेल. दहा जुळल्या तर तोच बोर्ड. बोटांच्या ठशांचंही असंच असतं.

आणि फोटो कोणाचे? विकणाऱ्याचे नाहीत. बोर्ड ज्याच्याकडे होता त्याचा फोटोंशी संबंध नाही, फोटो ज्याच्याकडे होते त्याच्याकडे बोर्ड नाही. दोन पुरावे दोन वाटांनी पन्नासेक वर्षं वेगवेगळे चालत आले आणि एका टेबलावर भेटले. वि. का. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांवर भर द्यावा असं आयुष्यभर सांगितलं, ते आठवतं.

आता वकिली उलटी बाजूनं करू. फोटो २०१२ मध्ये छापून आले आणि बोर्ड २०२२ मध्ये विकला. मधल्या दहा वर्षांत एखाद्या हुशार माणसानं फोटो बघून बोर्ड बनवला असेल तर? शंका रास्त आहे आणि विचारलीच पाहिजे. पण नकलाकाराची अडचण अशी की फोटोत जे दिसतं तेवढंच त्याला माहीत असतं. बोर्डाची पाठ फोटोत नाही. बोर्डाचा माल, चार-पाच दशकांत तांब्यावर आणि सोल्डरवर चढलेली काळसर छटा, त्याच वर्षीचे सुटे भाग, हे सगळं एकत्र आणायचं आणि शिवाय प्रत्येक सोल्डरचा थेंब फोटोतल्यासारखा पाडायचा. वितळलेला धातू आपल्या मर्जीनं गोठत नाही. तुम्ही कोणी सोल्डरिंग केलं असेल तर तुम्हाला पटेल, आपलाच कालचा थेंब आज पुन्हा तसाच पाडता येत नाही.

दुसरी शंका हितसंबंधांची. तपासणीचा अहवाल विक्रीच्या निमित्तानं पुढे आला. लिलावात वस्तू अस्सल ठरली की किंमत वाढते, हे उघड आहे. यात कोणावर आरोप नाही. पण म्हणूनच आम्हाला इथे अहवालापेक्षा फोटो जास्त मोलाचे वाटतात. ते प्रसिद्ध आहेत. ज्याला शंका आहे त्यानं बोर्डाचे फोटो आणि पोलरॉइड शेजारी ठेवून स्वतः बघावं. आम्ही दोन संध्याकाळी हाच उद्योग केला.

मात्र या पुराव्यानं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, यात गल्लत करू नका. सिद्ध एवढंच होतं की फोटोतला बोर्ड तो हाच. बोर्ड पुढे कसा कुठे गेला, याची हकिकत वेगळी आहे. ती अशी सांगतात: तो जॉब्जच्या घराच्या आवारात, ज्याला लोक ॲपलचं गॅरेज म्हणतात तिथे, बरीच वर्षं पडून होता. नंतर, लिलावाच्या साधारण तीस वर्षं आधी, जॉब्जनं तो एकाला देऊन टाकला. त्या माणसानं आपलं नाव जाहीर केलेलं नाही. ही झाली बखर. ती खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तिला आधार एका माणसाच्या सांगण्याचा, फोटोचा नाही. समजा उद्या कळलं की बोर्ड भेट मिळालाच नव्हता, दुसऱ्याच कुठल्या वाटेनं आला होता, तरी बोर्डाच्या अस्सलपणाला धक्का लागत नाही. दोन दावे आहेत, दोघांचे पाये वेगळे. बातम्यांत मात्र दोन्ही एका दमात येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, एक खरं म्हणजे दुसरंही खरंच.

आता ती रिकामी सॉकेटं. सुरुवातीला आपल्याला ती भंगाराची खूण वाटली होती. पण मघाचा तीस दिवसांचा हिशेब आठवा. उधारीवर माल आणलेला, पन्नास बोर्ड पुरे करायचे, एकेक चिप पैशाची. अशा वेळी काम झालेल्या नमुन्याच्या बोर्डावर चालू प्रोसेसर आणि चालू चिपा बसून राहिल्या असत्या? कोहेन यांचंही म्हणणं असंच आहे की या चिपा काढून बहुधा सुरुवातीच्या विक्रीच्या बोर्डांवर वापरल्या गेल्या असाव्यात. जॉब्जला हा बोर्ड जपून ठेवायची वस्तू वाटला नाही, पुन्हा वापरायचा माल वाटला. सॉकेटातले भाग गेले आणि सोल्डर केलेले राहिले, हेही त्याच्याशी जुळतं. सोल्डर काढत बसायला वेळ कोणाला होता. ज्या गोष्टीमुळे बोर्ड कचरा दिसतो तिच्यातच १९७६ च्या त्या महिन्याची घाई दिसते. संपूर्ण, चकचकीत, सगळ्या चिपांसकट असा प्रोटोटाइप समोर आला असता तर खरं सांगतो, आम्हाला जास्त संशय आला असता.

तुटलेल्या तुकड्याचं म्हणाल तर तो बहुधा कधीतरी फेकून दिला गेला. पण त्याच्यावर काय होतं ते आपण फोटोत पाहू शकतो. मूळ पोथीचं पान गहाळ आहे, नक्कल शिल्लक आहे, असा प्रकार.

आता काही चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली चिठ्ठी: 'हा बोर्ड चालू होऊ शकतो का?' नाही. म्हणजे चिपा दुसऱ्या आणून बसवता येतील, तुटलेला भाग नवा जोडता येईल. पण मग ज्या खुणांवरून तो ओळखला त्याच आपण झाकून टाकू. याला दुरुस्त करणं म्हणजे शिलालेखाची झिजलेली अक्षरं छिन्नीनं पुन्हा कोरण्यासारखं होईल. कोणी करू नये.

दुसरी: 'प्रोटोटाइप असूनही याला चालू ॲपल-१ पेक्षा कमी किंमत का?' चांगला प्रश्न आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड संग्रहालयानं एक चालू स्थितीतला ॲपल-१ लिलावात घेतला तो ९,०५,००० डॉलरला. म्हणजे हा तुटका प्रोटोटाइप त्याच्यापेक्षा दोन लाखांहून जास्त डॉलरनं स्वस्त गेला. आमचा तर्क असा की संग्राहकाला पडद्यावर अक्षरं उमटताना बघायची असतात. अभ्यासकाला मात्र यातला कुठला बोर्ड जास्त सांगतो, हे वेगळं सांगायला नको. ॲपल-१ अजून कितीतरी शिल्लक आहेत, 'ए' छापलेला आणि फोटोशी जुळलेला हा एक.

तिसरी चिठ्ठी जरा गमतीची आहे: 'मग त्या काढलेल्या चिपा आज कुठे असतील?' तर्क बरोबर असेल, तर त्या बाइट शॉपला गेलेल्या पहिल्या पन्नास बोर्डांपैकी कुठल्यातरी बोर्डांत गेल्या. त्यातले काही नष्ट झाले, काही संग्रहालयांत आहेत. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये एक आहे, माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. कुठल्यातरी काचेच्या पेटीत ठेवलेल्या ॲपल-१ च्या सॉकेटात ती पंचवीस डॉलरची ६५०२ बसलेली असू शकते. पण ती ओळखायची कशी? चिपा कारखान्यात बनतात, एकीसारखी दुसरी. तिच्यावर तारखेचे चार आकडे असतील, हाताचं वळण नसेल. टेरेल यांच्या एखाद्या फोटोत चिपेवरची अक्षरं आणि तिच्यावरचा एखादा ओरखडा वाचता आला तर काहीतरी बोलता येईल. तुमच्यापैकी कोणाला वेळ आणि चांगलं भिंग असेल तर बघा.

वेळ झाली आहे. चहा बाहेर ठेवलाय.